धुऊन पूजलेला सिलिंडर

परभणी,
१६ ऑक्टोबर १९७३

श्री. दिनकरराव भाऊजी यांस, तुमच्या वहिनीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मालनबाईंनी दिलेले तेल चोळता, की बाटली नुसती कोनाड्यात ठेवली आहे? (उत्तर मला माहीत आहे.) इकडे सर्व ठीक, कालपासून तर फारच ठीक.

पिंगळीची सत्यशीला, माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, तुम्ही पाहिली आहे. तिच्या प्रबंधाचा प्रश्न साधा: निकेलच्या साहाय्याने किटोन या रसायनात सिलिंडरमधला हायड्रोजन घालायचा, तर तो कोणत्या द्रावकात नीट शिरतो? शेवटचे तीन प्रयोग उरले होते, आणि काल औरंगाबादहून परीक्षक येणार होते. त्यांना पटले नाही तर पोरीचे वर्ष जाणार, आणि ठरलेली शिक्षिकेची नोकरीही.

दसरा होताच कामाला लागलो. सायक्लोहेक्झेनमध्ये चार तास उकळले, किटोन जसेच्या तसे. साध्या अल्कोहोलमध्ये (ज्याच्या परवान्यासाठी अबकारी कचेरीत मी गुत्ता काढायला निघाले आहे अशा नजरा सोसल्या) जरासे काम झाले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मात्र सगळे किटोन संपले. मी खूश. तोच सत्यशीला म्हणाली, "बाई, ह्याला नखाचा रंग पुसायच्या औषधावाणी वास यायलाय." हा वास तिला कसा ठाऊक, यावर मी पाच मिनिटे सुनावले आणि मग स्वतःही हुंगून पाहिले. तो वास अ‍ॅसिटोनचा, आणि अ‍ॅसिटोन आम्ही घातलेच नव्हते! आयसोप्रोपिल अल्कोहोलने आपलाच हायड्रोजन किटोनला देऊन टाकला, की मागे अ‍ॅसिटोन उरते. मग सिलिंडरमधला हायड्रोजन काय करत होता? नळी पाण्यात धरली. एक बुडबुडा नाही. सिलिंडर ठणठणीत रिकामा! (दाबाचा काटा जुलैपासून अडकलेला आहे. तीन अर्ज दिले.)

आमचे शिपाई मुंजाजी यांनी खंडेनवमीला दोन्ही सिलिंडर घासून धुतले होते. एकावर खडूने लिहिलेले 'रिकामा' त्यात गेले. विचारले तर मलाच म्हणतात, "बाई, पारोशावर हळदकुंकू कसं वाहावं?"

शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले: द्रावक नुसती जागा देत नाही, कधी पदरचेही देतो. परीक्षकांनी ते वाचले, चंबू तीनदा हुंगला आणि विचारले, "हे सिलिंडरचे नशीब म्हणायचे की मुलीचे नाक?" सत्यशीला म्हणाली, "नाक, सर." पास केले. आठ दिवसांनी मी पोटभर जेवले.

मालनबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
कस्तुराबाई

ता.क. दसऱ्यानंतर पूर्णेला तुमच्या मालगोदामात आमचा भरून आणायला पाठवलेला 'रिकामा' सिलिंडर आला असेल. तो भरलेला आहे. हळदकुंकवावरून ओळखा आणि पहिल्या गाडीने परत पाठवा. तोवर त्याला टेकून विडी ओढणे बंद. (मालनबाईंनी सर्व कळवले आहे.)

आणखी एक. मुंजाजींना रागावायचे नाही असे ठरवले आहे. दोन्ही सिलिंडर स्वच्छ धुवावेत, ही लेखी सूचना माझ्याच सहीची निघाली.