डबीची चूक

प्रिय धाकट्या,

फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू म्हणाला असतास, ताई, भाषण नको. म्हणून लिहितेय. आणि खरं सांगू, भाषणाची ताकदही उरलेली नाही. परवा सभागृहात बोलता बोलता खुर्ची मागितली. मी! तू असतास तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

आमची डबी चालायला लागली. खोलीभर पसरलेलं यंत्र जे करायचं, ते आता ओंजळीत मावतं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. कुठल्या जागी कुठला मणी, हे रक्ताच्या थेंबातून वाचायचं. आजाऱ्याने यंत्रापर्यंत का फरपटत जावं, यंत्रच त्याच्या उशाशी का येऊ नये, हे मी व्यासपीठाव्यासपीठावरून घसा फोडून विचारलं. मोठमोठे लोक हसले. हसोत.

पण डबी एका जागी अडायची. एका माळेतला तोच मणी दर वेळी चुकीचा दाखवायची. चिप बदलली, पंप बदलला, नळ्या धुऊन धुऊन पोरांचे हात सोलवटले. पंपाचं काम बघणारा आमच्या प्रयोगशाळेतला पंपवाला म्हणाला, बाई, ही तुमच्यावर गेलीय, एकदा बोलली की मागे हटत नाही. चाचणीला रक्त रोज माझंच. बाकीच्यांना सुई बघूनच घेरी येते. शेवटी चिडून माझा थेंब मोठ्या यंत्रात घातला. तेही तेच म्हणालं. डबी पहिल्यापासून खरं बोलत होती. चुकीचा मणी माझ्यातच आहे. हा थकवा त्याचाच.

बाबांची चप्पल आठवते? पायातून निसटून मागे राहायची, त्यांना पत्ताच नसायचा. आपण ती उचलून खिदळत मागे धावायचो. हल्ली प्रयोगशाळेच्या बोळातून माझी चप्पल पंपवाला आणून देतो. तो मणी बाबांकडूनच आलाय, आणि तो आधी पायांची जाणीवच घालवतो. वेळेवर कळलं तर औषधाने आजार रोखता येतो. मला कळायला उशीर झाला.

आणि गेल्या महिन्यात तू फोनवर हसत सांगितलंस, जिन्यात चप्पल कधी निसटली कळलंच नाही. मीही हसले होते. रविवारी पंपवाला डबी घेऊन तुझ्याकडे येतोय. त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, मुकाट्याने बोट पुढे कर. मला वाटतंय तो मणी तुझ्यातही आहे. आयुष्यात मी एकही वाद हरलेले नाही, तुला माहीत आहे. एवढा एक हरू दे.

तुझीच,
भांडकुदळ ताई