सातव्या गाण्यातली अडखळ

१२ जानेवारी १९९८

आठ गाणी, आणि आठही मनावर! एकात मन हट्टी पोर, एकात रिकामा झोपाळा, एकात तर चक्क घरजावई! कॅसेटचं नाव 'मनाचा पत्ता'. फेबियन आज आचोळ्याला घरी येऊन चाली शिकवून गेला. वाद्यांचं सगळं तोच बघतो. मी गायचं ते डमी – म्हणजे कॅसेटवर गाणाऱ्या मोठ्या बाईंना चाल कळावी म्हणून. मग माझा आवाज पुसायचा आणि त्या जागी त्यांचा.

जितूदादा म्हणाला, पुसायचंच आहे तर घसा कशाला खरवडतेस? त्याला काय सांगू! सातवं गाणं फार खालच्या पट्टीत आहे. बाईंनी नको म्हटलं तर तेवढं तुझ्याच आवाजात ठेवू, असं फेबियन म्हणालाय. देवा, त्यांनी नको म्हणावं! – लिहिलं आणि लगेच लाजही वाटली.

१९ जानेवारी

आज स्टुडिओत सहा गाणी झरझर झाली. सातव्यात ओळ आहे – 'मना, दार लावू नको'. गेल्या श्रावणात आई गेली. ती रोज हेच म्हणायची – जितू, दार लावू नको रे, सुमेधा यायचीय अजून. तालमीहून यायला मला उशीर व्हायचा ना. आज 'मना' म्हटलं आणि घसाच आवळला. ठेका पुढे गेला, मी मागे! मग कसंबसं 'दार' उचललं.

परत घेऊ या, म्हटलं. "राहू दे गं, पुसायचंच आहे," फेबियन म्हणाला.

आशा होती ती एकाच गाण्याची, आणि नेमकं तेच घालवलं. गाढव आहे मी!

११ फेब्रुवारी

बाईंनी आठही गायली. सातवंसुद्धा. संपलं.

४ एप्रिल

कॅसेट आली. जेवताना लावली. काय आवाज! हेवा करायचीही सोय नाही. मग सातवं आलं. 'मना' – आणि बाई थांबल्या. माझ्याएवढ्याच! तसाच श्वास अडकवून, तसंच ठेक्याच्या मागून 'दार'. माझा घास हातातच राहिला.

खाली पीसीओवर जाऊन फेबियनला फोन केला. "बाई तुझी टेप आठवडाभर घरी ऐकत होत्या," म्हणाला. "विचारत होत्या, ही जागा कुणाला सुचली? फार सुंदर आहे." सुचली! मला रडू आवरत नव्हतं तेव्हा.

वर आले तर जितूदादा टेपजवळ बसलेला. "बाई थांबतात ना, तिथे आईची आठवण येते गं." मी त्याला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं!

१७ मे

पाचूबंदरला मासळी आणायला गेले. कॅथरिनमावशी बोंबील मोजता मोजता तेच गाणं गुणगुणत होती. मीही सूर धरला. आता घसा आवळत नाही, म्हणून ओळ सरळच म्हटली. तिचा हात थांबला.

"चुकली तू बाय! दाराच्या आधी थांबाचा. आमची आख्खी आळी थांबते तिथं."

मी परत म्हटलं. थांबून.