जुबेरच्या जहाजाचा धूर

३ ऑक्टोबर २०२५

जुबेरने जहाजावरून व्हिडिओ पाठवला — अब्बूंना. मला नाही! नवरा माझा, आणि बघायचं सासऱ्यांच्या फोनवर. चारी बाजूंनी बर्फ आणि धुराड्यातून डांबरासारखा धूर. अब्बू खूश. विसरवाडीच्या हायवेवर गॅरेज चालवणाऱ्या माणसाला काळा धूर म्हणजे इंजिनात दम. माझ्या पोराचं इंजिन आहे म्हणून येईल त्या ड्रायव्हरला दाखवत होते — ‘दखा, मन्हा पोऱ्यानं इंजिन शे.’ मग सगळ्या ग्रुपांवर टाकला.

७ ऑक्टोबर

धडगावच्या जीपवाल्यांकडेही पोचला म्हणे.

११ ऑक्टोबर

जुबेरचा फोन. जहाज बंदरात अडवून ठेवलंय. उत्तरेच्या त्या समुद्रात जड, काळं तेल जाळायला बंदी आहे, जगातल्या देशांनी मिळून घातलेली. काजळी बर्फावर बसते, बर्फ लवकर वितळतो. हलकं तेल महाग, म्हणून यांची कंपनी गुपचूप काळंच जाळत होती. व्हिडिओ फिरत फिरत तपासणीवाल्यांपर्यंत गेला. कुणी काढला ते कंपनीला कळलं. जुबेरची नोकरी गेली. आता दुसरं जहाज कोण देणार, म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवून पोळ्या केल्या. रडू येईल असं वाटलं होतं — आलं नाही.

१४ ऑक्टोबर

अब्बू गॅरेज उघडत नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. सासूबाई म्हणाल्या, बापानेच पोराच्या पोटावर पाय दिला. मी मध्ये पडले नाही. मलाही तेच वाटतं. चहा नेऊन ठेवला.

१८ ऑक्टोबर

बातमीत होतं — जहाजांच्या धुरावर जगभर नियम लावायला लंडनला सगळे देश बसले होते. निर्णय वर्षभर पुढे ढकलला. एवढ्या मोठ्या लोकांना वर्ष पुरत नाही. आमच्या अब्बूंना फोनवर टेकवलेलं एक बोट पुरलं.

२३ ऑक्टोबर

जुबेर आला. बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती, अब्बूंनी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले.

‘तो धूर कुणीतरी बघायलाच हवा होता, अब्बू. तुम्ही गप्प बसणार नाही हे माहीत होतं, म्हणून तर तुम्हाला पाठवला.’

मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘अतिकाने जपून ठेवला असता.’

खरंय. मी ठेवला असता.