सुकाणूवरचा हात

कऱ्हाड, १२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना योगिनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी केली तेव्हापासून आपण पुन्हा पत्रं लिहायला लागलो, ते बरंच झालं. फोनवर मी ‘बरी आहे’ एवढंच ओरडले असते आणि ते खोटं ठरलं असतं.

सानवी पोटात होती तेव्हापासून पाच वर्षं विमानाला हात नाही. २९ तारखेला चाचणी आहे. पास झाले तर जानेवारीत नोकरी, नाही तर ती जागा दुसऱ्याची. म्हणून रोज सकाळी चिराग सरांबरोबर मुळाक्षरं गिरवते. हे सर माझ्याहून सहा वर्षांनी लहान! तीव्र वळणं जमली, कमी वेगात उडणंही जमलं. अडलंय ते स्टॉलपाशी. त्यात नाक उचलत वेग इतका कमी करायचा, की पंखांचा आधार सुटतो आणि विमान पडायला लागतं. मग ते सावरायचं. डावा पंख खाली गेला तर हातातला दांडा मधोमध धरून पुढे लोटायचा आणि उजवा पाय दाबायचा. मी मात्र दरवेळी दांडा डावीकडेच ढकलते. त्याने विमान आणखी डावीकडे कलंडतं आणि सरांना ते हातात घ्यावं लागतं. तीन दिवसांत सात वेळा झालं. सर म्हणाले, चुका पुष्कळ बघितल्या, पण ही कुठून आणलीत?

मला भीती वाटते बाबा. पूर्वी नव्हती वाटत. तुमच्या जावयाला, रितेशला, कळवलं नाही, तो जहाजावर उगाच घोर लावून घेईल. बॅग भरून घरी यावंसं वाटतं. हवा स्वच्छ असली की वरून कोयनेचं पाणी दिसतं. त्याच्या पलीकडे घाट उतरला की पोफळी, आणि पुढे तुम्ही सगळे.

आईला नमस्कार, सानवीला पापा. माझ्यावर आहे तेवढी माया असू द्या, सध्या जास्तच लागते आहे.

तुमची,
योगिनी


मिरकरवाडा, १७ नोव्हेंबर २०२४

चि. योगिनीस भागोजी तांडेलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सानवी मजेत आहे. आजीबरोबर लिलावात जाऊन बसते. हलव्याला पापलेट म्हणणाऱ्या एका पाहुण्याला परवा तिने चांगलं सुनावलं.

तुझं पत्र पडवीत बसून तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी माझा हात आपोआप हलला आणि उलगडा झाला. होडी डावीकडे जायला लागली तर आपण सुकाणूचा दांडा डावीकडेच लोटतो, म्हणजे ती उजवीकडे वळते. हे तुला नवव्या वर्षी भाट्याच्या खाडीत मीच शिकवलं. आणि गेली चार वर्षं सानवीला घेऊन तू तीच होडी फिरवते आहेस. जित्याची खोड. तू चुकत नव्हतीस गं, तुझा हात होडी सावरत होता. दोष असलाच तर माझा.

आता एक सांगतो, तुझ्या आऊशीलाही सांगितलेलं नाही. अठरा वर्षांपूर्वी आपला ट्रॉलर आला. त्याला दांडा नाही, चाक. उजवीकडे फिरवलं की बोट उजवीकडेच जाते. माझा हात तीस वर्षं दांड्याचा. धक्क्याला लागताना घाई झाली, चाक उलटं फिरवलं आणि लवूच्या उभ्या होडीच्या फळ्या फोडल्या. माणसं जमली तेव्हा मी म्हटलं, खलाशी बाबल्याने दोर टाकायला उशीर केला. तो मान खाली घालून उभा राहिला. पुढे महिनाभर, बंदर दुपारचं आडवं झालं की मी चाकावर हात बसलेल्या बावीस वर्षांच्या शिवाला घेऊन बाहेर जायचो आणि चाक शिकायचो. शिकवणारा लहान असला की मान थोडी जास्त वाकवावी लागते, बाकी काही नाही.

हे सगळं तुझ्या सरांना सांग. बॅग भरू नकोस. भीती मलाही वाटते, तू वर असलीस की रोज वाटते. तरी भरू नकोस.

आऊस सुके बांगडे पाठवते आहे. खा आणि आमची आठवण काढ.

तुझा बाबा


कऱ्हाड, २१ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

सरांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी कागद पुढे करून मला सुकाणू काढायला लावलं आणि बराच वेळ ते चित्र बघत बसले. मग मला उभ्या विमानात बसवलं, डोळे मिटायला लावले. ते ‘डावा’ म्हणणार, मी हात हलू न देता उजवा पाय दाबणार. असं दोन दिवस. फ्लाइंग क्लबातली पोरं काचेतून बघून हसत होती. आज वर गेलो. पहिल्यांदा हात गेलाच डावीकडे. दुसऱ्यांदा निम्म्यात थांबला. पाचव्यांदा फक्त पाय गेला आणि विमान सरळ झालं. मी रडले. सरांनी घामच समजला असावा.

एक विचारते, रागावू नका. मला सांगितलंत, पण बाबल्याकाकांना सांगितलंत का? अख्खा वाडा त्यांना अजून ‘लेट बाबल्या’ म्हणतो. लहानपणी मीसुद्धा त्यांना तेच म्हणून चिडवलंय.

लेकीचा आगाऊपणा पोटात घाला.

योगिनी


कऱ्हाड, ३० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

पास झाले. परीक्षकांनी दोनदा स्टॉल करायला लावला, दोन्ही वेळा सावरला. आईला फोनवर कळवलंच आहे, पण तुम्हाला माझ्या अक्षरात कळायला हवं होतं.

तुमचं उत्तर मात्र आलं नाही. आई म्हणाली, आठ दिवस तुमचं ताटातलं ताटातच राहतं. मी बोलू नये ते बोलले का? नोकरी मिळाली, पण तुम्ही दुखावलात तर तिची गोडी मला लागणार नाही. दोन ओळी तरी लिहा.

वाट बघणारी,
योगिनी


मिरकरवाडा, ४ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद, आणि पास झालीस म्हणून वर आणखी चार.

तू मला दुखावलं नाहीस. तू खरं विचारलंस, आणि खऱ्याला उत्तर द्यायला मला वेळ लागला.

रविवारी धक्क्यावर गेलो. बाबल्या जाळं शिवत होता. त्याच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हळू बोलतोय, पण माझे कान हे असे, त्यामुळे आवाज लिलावापर्यंत गेला. माणसं बोली थांबवून बघायला लागली. बरं झालं. बोल लावला होता चारचौघांत, फेडलाही चारचौघांत.

बाबल्याने सुई खाली ठेवली नाही. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, “मी पुढं बोटीच्या नाळीवर उभा व्हतो, तांडेल. तुमचा हात मला दिसला व्हता.”

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? तर म्हणाला, दुसऱ्या दिवशी सहा खलाशांना तुमच्याच बोटीवर चढायचं होतं. तांडेलाच्या हातावर भरवसा नसेल तर समुद्रात जाणार कोण? दुपारी शिवाला घेऊन मी शिकायला जातो हेही त्याला माहीत होतं. तो म्हणाला, नसता शिकलात, तर बोललो असतो.

योगिनी, तिथे सगळ्यांदेखत मला रडू फुटलं. अठरा वर्षं मला वाटत होतं, माझं नाव मी सांभाळलं. ते बाबल्याने सांभाळलं होतं.

येत्या रविवारी तो आपल्याकडे जेवायला आहे. तूही ये, आणि त्याच्या पाया पड. नोकरीवर जायच्या आधी मला तुला डोळे भरून बघायचं आहे.

तुझा,
बाबा