सत्त्याऐंशी नंबरचा लाल ठिपका

आज रविवार, दिनांक ११ नोव्हेंबर १९७९, दुपारचे सव्वातीन. डॉ. गर्गे यांच्या नाशिक रोडच्या दवाखान्यात स्टोव्हवर इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवल्या आहेत आणि शेजारच्या टेबलावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी पुंजाराम काळू पगारे, वय २६, शिक्षण सातवी, काम कंपाउंडरचे. परवा मुंबईत माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. छाती धडधडते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने लिहीत नाही. परत आलो तर हा कागद मीच फाडीन.

१. पोस्टातील पैसे व देवळाली गावातील खोली आई सुलाबाई हिची. माझ्यामागे तिने बुद्धवंदना म्हणावी, पण उपाशी राहून म्हणू नये. तिला डायबेटिस आहे.

२. मनगटी घड्याळ थोरले कंपाउंडर भिकनभाऊ यांना. ते पाच मिनिटांत सुया बाहेर काढतात. वर म्हणतात, "उकळी आली म्हणजे झालं. बटाटे शिजवतोस का?" त्यांनी घड्याळ बघून वीस मिनिटे मोजावीत. या भांडणावरून मी दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला. अबोला आज सोडला, वीस मिनिटे सोडलेली नाहीत.

३. अंक ठोकायचे पंच, हातोडी, उरलेला पत्रा आणि रुग्णांच्या कार्डांची पेटी दवाखान्याला. ही पद्धत मोडू नये. कारण लिहितो.

१९७६ च्या श्रावणात भाजी विकणाऱ्या मालनबाई तापाने आल्या. तेव्हा आमच्या वहीत नुसते नाव असे. पूर्ण नाव विचारले की बायका पदर तोंडाला लावत, कारण त्यात नवऱ्याचे नाव येते. मालनबाई म्हणाल्या, "धन्याचं नाव मी कसं घिऊ रे बाबा? तुला ठावं हाय ना!" मला माहीत नव्हते. शेजारच्या बाईला विचारायचे, तेही केले नाही. वहीत मालनबाई सापडल्या, पुढे लिहिले होते, पेनिसिलीन चालते. त्या प्रेस कॉलनीतल्या दुसऱ्याच मालनबाई होत्या. मी टेस्ट न करता इंजेक्शन दिले. दोन मिनिटांत यांचे ओठ सुजले, श्वास अडकला, बाकावरून खाली आल्या. डॉक्टर धावले म्हणून वाचल्या. दीड तास त्यांचा हात माझ्या हातात होता.

त्यांचे दोन मुलगे भांडायला आले. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन मीच चुकीचं सांगितलं." दोघे नको ते बोलले. डॉक्टर हात जोडून उभे राहिले आणि मी पडद्याआड. मला ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पुंजाराम, उद्यापासून वेगळं काय करायचं, ते तू सांग."

म्हणून प्रत्येकाचे कार्ड केले आणि त्याच नंबरचा पत्र्याचा बिल्ला. भिकनभाऊ हसले, "म्युनिसिपालटी कुत्र्याला देते तसला?" पण बायकांनी ते किल्ल्यांच्या जुडग्यात ओवले. आता नवऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. ज्याला पेनिसिलीन चालत नाही त्याच्या बिल्ल्यावर लाल ठिपका. मालनबाईंचा नंबर ८७. या ठिपक्याने आजवर तीनदा माझा हात अडवला आहे. रंग उडाला तर पुन्हा द्यावा.

४. ती चूक डॉक्टरांची नव्हती. तीन वर्षे त्यांनी ती बाळगली. ती त्यांच्याकडून काढून माझ्या नावे करावी. पुढे कोणी तिला वारस लावू नये. हा कागद डॉक्टरांना वाचायला द्यावा.

५. हे कलम साक्षीदार मालनबाई यांच्या सांगण्यावरून जोडले आहे. त्यांना वरील सर्व वाचून दाखवले. मधे पाणी त्यांनीच दिले. म्हणाल्या, "सुई तू टोचली ते मला दिसलं नाय व्हय? पोरांनाबी घरी जाऊन सांगितलं व्हतं, डागदर खोटं बोलला, गप बसा. दीड तास माझा हात सोडला नाय तू. हे बी लिव, की मालनबाई यापुढं टोचून घेईल तर तुझ्याच हातनं. भिकनकडून नाय."

दारातून भिकनभाऊ म्हणाले, "बाई, मी इथंच उभा आहे."

"म्हणून तर मोठ्यानं बोलले."

लिहिले.

सही: पुंजाराम काळू पगारे
साक्षीदार: १) मालनबाई कारभारी गांगुर्डे (डाव्या हाताचा अंगठा) २) धोंडीराम खंडेराव जाधव, शेजारचे औषध दुकानदार (सही)
ठिकाण: नाशिक रोड. दिनांक ११/११/१९७९