तळघरात न शिजलेली डाळ

छावणी, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. संघपाल यास,
आत्याचा सप्रेम जय भीम.

शनिवार, दिनांक ८ मार्च रोजी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही अशा उन्हाच्या वेळी, तू तुझ्या कॉलेजच्या तळघरातल्या सभागृहात तीनशे माणसांसमोर माझा सोलर कुकर निकामी असल्याचं जाहीर केलंस. तारीख आणि वेळ आधीच लिहून टाकली, कारण पुढे माझा राग वाढत जाणार आहे आणि रागात तपशील सुटतात. शाळेत सिस्टर बर्नाडेट सांगायच्या की तक्रारीच्या पत्रात पहिल्या ओळीत घटना असावी, शेवटच्या ओळीत मुदत असावी आणि मधे सभ्यता असावी. पहिली आणि शेवटची ओळ मी नक्की पाळीन.

आता रीत म्हणून विचारते. तुझा घसा कसा आहे? दिवसभर पृथ्वीची काळजी वाहून बसला असेल. मेघाची कंबर कशी आहे? पिशोरला दादांची, म्हणजे तुझ्या वडिलांची, साखर कितीवर आली? (दादांना यातलं काही कळवलेलं नाही. गरज पडली तर कळवीन, आणि गरज पडेल की नाही हे तुझ्यावर आहे.) माझी तब्येत उत्तम आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून जन्म घालवलेल्या बाईची तब्येत सहसा बिघडत नाही, कारण जे काही साचतं ते ती समोरच्याला तिथल्या तिथं ऐकवून मोकळी होते.

तर सुरुवातीपासून. तू महिन्यापूर्वी फोन केलास की, आत्या, आमच्याकडे हवामान बदल आणि शाश्वत ऊर्जेवर राष्ट्रीय परिषद आहे, योगायोगानं महिला दिनही आहे, तुझा सत्कार करायचाय आणि तुझा कुकर चालता-बोलता ठेवायचाय. मी म्हटलं, तो चालत नाही आणि बोलत नाही, तो फक्त शिजवतो, आणि त्यासाठी त्याला ऊन लागतं. तू हसलास. मी तुला अटी सांगितल्या. कुकर उघड्यावर ठेवायचा, सावली सरकली की त्याचं तोंड फिरवायचं, काच ओल्या फडक्यानं पुसायची नाही आणि अंधार पडायच्या आत तो माझ्या गच्चीवर परत आणायचा. तू सगळ्याला "हो आत्या" म्हणालास. बारावीला माझ्याकडे राहत होतास तेव्हाही असाच "हो आत्या" म्हणायचास आणि गच्चीवर जाऊन पतंग उडवायचास.

शेवटच्या अटीमागचं कारणही तुला सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बिल्किसला तू ओळखतोस. तुला तापात मुगाची खिचडी भरवणारी हीच. कुकरमधल्या चार काळ्या डब्यांपैकी दोन माझे आणि दोन तिचे, हे तू आमच्याकडे यायच्या आधीपासून ठरलेलं आहे. सध्या रमजान चालू आहे. रोजा धरून दुपारी गॅससमोर उभं राहिलं की तिला चक्कर येते. मागच्या वर्षी ती ओट्याला धरून खाली बसली होती, तेव्हापासून इफ्तारचे चणे आणि डाळ सकाळीच कुकरात जातात आणि ती अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत पडून राहते. तरी तुझं नाव काढताच म्हणाली, "ले जाने दो बाई, अपना बच्चा बुला रहा है." अपना बच्चा. हे दोन शब्द जरा लक्षात ठेव.

शनिवारी मी पोहोचले. गेटपासून सभागृहापर्यंत प्लास्टिक हटवा असं सांगणारे प्लास्टिकचे फलक होते. (मोजायचा मोह आवरला.) प्रमुख पाहुण्यांची गाडी पोर्चमध्ये चालू ठेवली होती, कारण आतली हवा थंड राहायला हवी, आणि पाहुणे तर अजून चहा पीत होते. सभागृह तळघरात. एसी इतका की प्रतिनिधी मंडळी फाइल छातीशी धरून बसली होती, अभ्यासाच्या ओढीनं नव्हे, ऊब म्हणून. माझ्या नावाच्या खुर्चीवर पाहुण्यांची बॅग बसली होती, त्यामुळे मला कोपऱ्यात प्रमाणपत्रांच्या टेबलाशेजारी बसवलं. जागा वाईट नव्हती. तिथं बसल्यामुळे मला कळलं की परिषदेला आलेल्या माणसाला दोनच प्रश्न असतात, जेवण कधी आणि प्रमाणपत्र कधी. पृथ्वी किती अंशांनी तापली हे त्या टेबलाशी येऊन कुणी विचारलं नाही.

आणि मग मला व्यासपीठावर माझा कुकर दिसला. तळघरात. खिडकी नसलेल्या खोलीत. झाकणाचा आरसा छताकडे, आणि छतावरून दोन पिवळे दिवे त्याच्यावर सोडलेले. मी तुला खुणेनं बोलावलं. तू आलास आणि कानात म्हणालास, "आत्या, पाहुण्यांना ऊन सोसत नाही. मागं शेगडी लावलीय, डाळ शिजली की डबा आत सरकवू. प्रतीकात्मक आहे." शाश्वत ऊर्जेच्या परिषदेत, पडद्यामागे विजेच्या शेगडीवर, उन्हात शिजलेली डाळ शिजत होती. मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही, कारण सत्काराची शाल तोवर अंगावर पडली होती आणि खरं सांगायचं तर एसीत ती बरी वाटत होती.

उद्घाटन दीप लावून नाही, रोपाला पाणी घालून करायचं, ही तुमची नवी रीत मला मनापासून आवडली. पण रोप मंडपवाल्याकडून आलं होतं आणि ते प्लास्टिकचं होतं. पाहुण्यांनी तांब्याच्या कलशातून पाणी घातलं. फोटोवाला म्हणाला, "सर, अजून एकदा." त्यांनी अजून घातलं. आपल्या या शहरात नळाला पाणी यायचा दिवस लोक कॅलेंडरवर गोल करून ठेवतात, आणि इथं अख्खा कलश एका प्लास्टिकच्या कुंडीत. कुंडीला बूड नव्हतं. पाणी टेबलावरून सॅटिनच्या झालरीत, झालरीतून खाली ठेवलेल्या वायरींच्या पट्टीत गेलं आणि सभागृहात मिट्ट अंधार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ऊर्जा बचतीचा संदेश आहे.

मग वर जनरेटर धडधडला. डिझेलचा वास एसीतून सगळ्यांना समान मिळाला. माइक आला, दिवे आले, पाहुण्यांचा पंखासुद्धा आला. (एसी असलेल्या खोलीत पंखा कशाला, हे मी विचारणार नाही.) पण पडद्यामागची तुझी शेगडी ज्या बटणावर होती ते बटण गेलं ते गेलंच, आणि हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. डबा तसाच कोमट पाण्यासकट कुकरात सरकवला गेला. भाषणं झाली. बारा चाळीसला तू झाकण उघडलंस, चमचाभर डाळ पाहुण्यांच्या हातावर दिलीस, त्यांनी ती तोंडात टाकली, आणि दाढेखाली जो आवाज झाला तो माइकनं इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवला.

संघपाल, त्या क्षणी तुझ्यापुढे दोन वाक्यं होती. एक खरं होतं, की सूर्याचा कुकर तळघरात आणला, चूक आमची. दुसरं तू बोललास. "मित्रहो, हीच पारंपरिक साधनांची मर्यादा, म्हणूनच आपल्याला नव्या संशोधनाची गरज आहे." आणि पुढची स्लाइड लावलीस. हे वाक्य दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण तू दोन वर्षं याच कुकरातला भात खाल्लास. परीक्षेच्या दिवसांत बिल्किस कुकरचं तोंड फिरवायची म्हणून तुला वेळेवर जेवण मिळालं. तुला माहीत होतं डाळ का शिजली नाही. तीनशे जणांत दोघांनाच माहीत होतं, तुला आणि मला, आणि माइक तुझ्याकडे होता.

मी उभी राहिले. तुझ्या विद्यार्थिनीला, त्या विशाखाला, वाटलं की मी आभार मानणार. तिनं माइक आणला, तो बंद होता. मला माइक लागत नाही. ट्रंक कॉलच्या काळात मी जळगाववाल्याला तारेशिवायसुद्धा ऐकू गेले असते. मी म्हटलं, "कुकर वर अंगणात न्या, तीन वाजेपर्यंत डाळ शिजेल. नाही शिजली तर मी ती कच्ची खाईन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आता उठतील. तेवढ्यात तू जेवणाची सुट्टी जाहीर केलीस आणि ते खरोखरच उठले.

जेवणानंतर मी कुकर मागायला गेले तर तो व्यासपीठावर नव्हता. तुमच्या नव्या ऊर्जा दालनात, काचेच्या कपाटात होता, खाली "कालबाह्य साधने" अशी पाटी. कपाटाला कुलूप. दारावरचा वॉचमन म्हणाला, "बाई, गेटपास आना अन् खुशाल न्या. माझ्या हातात काय बी नाय." मी म्हटलं, कुकर माझा आहे. तो म्हणाला, "असंल की. पर कपाट त्येंचं हाय ना." कायद्याचा इतका सोपा खुलासा मी कधी ऐकला नव्हता. तू जिन्यात भेटलास आणि म्हणालास की हा मान आहे आत्या, वस्तू एकदा दालनात गेली की बाहेर काढायला समितीची बैठक लागते, आणि ती जूनमध्ये आहे. समितीचा अध्यक्ष कोण, असं मी विचारलं. तू घड्याळ पाहिलंस. अध्यक्ष तूच आहेस हे मला दाराबाहेरच्या फलकावरून कळलं.

म्हणून मी माझं सामान मागितलं. एका मुलानं तागाची पिशवी हातात दिली आणि मी रिक्षानं घरी आले. बिल्किस जिन्यात उभी होती. माझ्या हातात नुसती पिशवी बघून एवढंच म्हणाली, "सूरज कहाँ छोड को आए, बाई?" मी सांगितलं. ती रागावली नाही, तीच तर अडचण. म्हणाली, बच्चा भूल गया होगा. आणि घरात जाऊन गॅस पेटवला. रविवारीही पेटवला. काल दुपारी मी खाली गेले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती आणि मला पाहून म्हणाली, काही नाही, भांडं पुसत होते. तिच्या हातात भांडं नव्हतं. मी तिला बाजूला बसवून चणे शिजवले, तर ते बघून म्हणाली की तुमच्या हातचे चणे कुकरापेक्षा कडक होतात. (खरं आहे.)

शनिवारपासून तू मला चार वेळा फोन केलास. चारही वेळा प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याबद्दल. तो कुठं दिसला का, कुणी उचलला का, लोक मागे लागलेत. मी चारही वेळा विचारलं, कुकर कधी येतोय. आणि चारही वेळा तुझी रेंज गेली. बाळा, मी आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली आहेत. रेंज जाते तेव्हा कसा आवाज होतो आणि माणूस जातो तेव्हा कसा, हे मला झोपेतही कळतं.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. कुकर चारही डब्यांसह परत हवा. आणि परिषदेला आलेल्या प्रत्येकाला तुझ्या सहीनं एक ओळ जायला हवी की डाळ शिजली नाही, कारण तिला ऊन दाखवलं नव्हतं. माझ्या सत्काराची शाल तुम्ही दालनात ठेवू शकता, तिनं निदान त्या दिवशी काम केलं. याचं लेखी उत्तर गुरुवार, दिनांक १३ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडावं. शुक्रवारी धुळवडीची सुट्टी आहे, आणि सुट्टीआड लपायला तू लहानपणापासून हुशार आहेस. फोनवरचं उत्तर चालणार नाही.

तुझी,
सुलेखा आत्या

ता. क. तागाची पिशवी मी रविवारी सकाळी उघडली. आत पाण्याची बाटली असेल असं वाटलं होतं. प्रमाणपत्रं निघाली, सगळीच्या सगळी, सह्या-शिक्क्यांसकट. म्हणजे तुझ्या त्या विद्यार्थ्यानं दिली ती पिशवी माझी नव्हती. सध्या ती प्रमाणपत्रं गच्चीवर कुकरच्या रिकाम्या जागेवर आहेत, वर लोणच्याची बरणी ठेवली आहे, उडणार नाहीत. ऊन मात्र चांगलं लागतंय आणि शाई हलक्या दर्जाची दिसते. पहिल्या चार-पाच जणांची नावं फिकट झाली आहेत. कपाटात ठेवता आली असती, पण माझ्याकडच्या वस्तू बाहेर काढायलाही समितीची बैठक लागते. अध्यक्ष मीच आहे.

ता. क. दुसरा. बिल्किसला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, मुलाला इतकं बोलू नये, आणि गुरुवारी तो येणारच, इफ्तारला थांबवून घ्या. तुझ्या आवडीचे काळे चणे ती उद्या रात्री भिजत घालणार आहे. तेव्हा ते लेखी उत्तर राहू दे, ती एक ओळ पाठव आणि स्वतः ये. फक्त पाच वाजता नको. सकाळी दहाच्या आत कुकर गच्चीवर लागला तरच चणे मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, होतील. नाहीतर ती पुन्हा गॅससमोर उभी राहील, आणि या वेळी मी दादांना फोन लावीन. तिथं मात्र रेंज कधीच जात नाही.