हेलिकॉप्टर कुठं गेलं?

११ जानेवारी
हे नुमाइशीच्या प्रदर्शनात चादरी आणायला गेले आणि आले स्पीकर घेऊन! पुढे तीन, मागे दोन. चिन्मयने घरभर वायरी सोडल्यात. म्हणे आवाज आपल्याभोवती फिरतो. 'आई, डोक्यावरून हेलिकॉप्टर जाईल बघ!'
जाऊ दे बापडं. पण माझा उजवा कान हल्ली कामातून गेलाय, आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. कळलं की कानात मशीन बसलंच! मग नारायणगुड्याचा भाजीवालासुद्धा माझ्याशी ओरडून बोलणार. नक्को बाई.

१२ जानेवारी
मला मधल्या खुर्चीत बसवून परीक्षा! मला तर सगळं डावीकडूनच येतंय. 'आई, कुठं गेलं?' मी हळूच ज्योतीकडे बघितलं. सूनबाईची मान उजवीकडे वळली. 'उजवीकडे!' — पास!
जेवताना हे नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या हाताला. वर्षभर तिथंच बसतात. म्हणे तिकडे पंख्याचा वारा लागतो.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या वैशालीने तिळगुळाची वाटी मागच्या स्पीकरवर ठेवली. चिन्मयचा जीव वरखाली.

१५ जानेवारी
आज हेडफोन. त्यातही म्हणे तसंच फिरतं. पण इथं मान कुणाची बघायची? डोळे मिटले, मन घट्ट केलं आणि ठोकून दिलं — 'मागून आलं. उजवीकडून. फार छान!'
'आई, अजून सुरूच केलं नाही.'
सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. हे तेवढे हसले नाहीत. घाबरलेच मी!

१७ जानेवारी
हे दोन दिवस स्पीकरशी खुडबुड करतायत. मधल्या खुर्चीत बसतात, उठतात, पुन्हा बटणं दाबतात. चिन्मय वैतागला. 'बाबा, उजवीकडचे केवढे वाढवलेत! सगळा आवाज एका बाजूला गेला.'
'हौ, जाऊ दे. हात नक्को लावू.'
यांचेही कान गेले बहुतेक! खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. सोबत झाली.

१९ जानेवारी
पोरं बाहेर गेली होती. हे म्हणाले, 'सुशीला, बस इथं.' बसले. हेलिकॉप्टर डावीकडून आलं, डोक्यावरून गेलं — आणि चक्क उजवीकडे! कुणाची मान न बघता मी बोट दाखवलं. रडूच आलं मला.
'उद्या हिमायतनगरला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ,' हे म्हणाले. 'मी बी येतो.'
'हौ,' म्हटलं.

२० जानेवारी
जेवताना सहज वर बघितलं. वारा लागतो म्हणून हे माझ्या डावीकडे, आणि पंखा तर माझ्या उजवीकडे आहे!